खड्डा, दोन माणसांचा

दुकान खानापूर रोडला, काचेचं.
दारातच हुक्केरी म्हणाले, बर्री, बर्री,
आणि शेवंतानं मला "आवो" म्हटलेलं ऐकून
लगेच मराठीत आले.
आत पाच टब, ठणठणीत कोरडे.

"किती जणांचा बघूया? चार? सहा?"
सहा म्हटल्यावर शेवंता माझ्या कानात,
"ही काय वडगावची टमटम हाय का वो?"

रेणूनं पिशवीतनं टेप काढला.
उद्यमबागला ती दिवसभर लोखंड मोजते,
केसाच्या दहाव्या भागापर्यंत.
बापाचे गुडघे तेवढे मापात येईनात,
म्हणून हा उद्योग.
डॉक्टर म्हणाले होते शेक द्या.
शेक म्हणजे रबरी पिशवी, असं मी समजलो होतो.

पहिला टब निळ्या दिव्यांचा, गाणीबी लागतात.
मी काठावर टिचकी मारून बघितली,
गुळगुळीत, पण पोकळ वाजतंय.
दुसरा हवा भरायचा, स्वस्त.
शेवंता म्हणाली, आमच्या मांजरीचं एक नख पुरे.
तिसऱ्याला बेचाळीस भोकं,
त्यातनं पाणी मारतं म्हणे
कमरेवर, खांद्यावर, तळव्यावर.
हुक्केरी एकेका भोकाचं काम सांगत होते,
मी मनात फणीची घरं मोजत होतो.

गच्चीवर ठेवूया, ही रेणूची हौस.
तिथनं येळ्ळूरचा गड दिसतो.
हुक्केरींनी वजन काढलं: टब, पाणी, आम्ही दोघं.
दीड टन.
स्लॅब घातला त्या साली
सिमेंट किती होतं आणि वाळू किती,
हे माझं मला ठाऊक.
गच्ची नको, म्हटलं.

मग कुठं?
तिघंही गप्प. पंखा फिरत होता.
शेवंतानंच सांगितलं, हळू,
घरातलं उणं चारचौघांत काढावं तसं:
"मागाच्या खोलीत खड्डा हाय."

हाय की.
माग विकला त्याला नऊ वर्षं झाली.
लाकूड टेम्पोतनं गेलं, धोटा रेणूनं ठेवून घेतला.
खड्डा कोण विकत घेणार?
वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर तांदळाचं पिंप.
त्यात मी एकोणचाळीस वर्षं पाय सोडून बसलो.
थंडीत ओल वर चढायची, नडगीतनं गुडघ्यात,
तिथंच तिनं घर केलं.
कुणाकुणाची लग्नं
माझ्या काठापदरांत लागली,
मी खड्ड्यात.

रेणूनं फोनवर हिशोब केला.
थोडा रुंद करायचा, तळाला काँक्रीट,
दोन माणसांचा टब अर्धा जमिनीत बसेल,
चढायचं नाही, नुसतं उतरायचं.
हुक्केरी म्हणाले, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच, सार.
दिवे गेले, गाणी गेली,
भोकं बेचाळीसची सोळावर आली,
किंमत तरी दोन दुभत्या म्हशींची.

वापरायच्या पुस्तकात पाच भाषा, मराठी नाही.
कन्नड शेवंताला येतं, ती चिकोडीकडची.
चष्मा लावून चाळीस पानं वाचली
आणि सांगितलं:
"जेवून लगेच बसू नका. आत झोपू नका. एवढंच."

भरायला नळाच्या दोन पाळ्या लागल्या,
तापायला रात्रीचे नऊ.
मी आधी उतरलो, जुन्या सवयीनं,
उजवा पाय, मग डावा.
पाणी छातीला आलं
आणि तळवे खाली काहीतरी चाचपू लागले.
पावड्या.
दाबलं. वर काही उचललं नाही.
पुन्हा दाबलं, उजवी, डावी.

शेवंता काठावर बसलेली, साडी पोटरीवर,
इथंच बसून ती कांड्या भरायची.
"काय विणायलाय वो?"
बघतोय, म्हटलं, पाण्याला ताणा हाय का.
ती हसली नाही.
पाय आत सोडले तिनं,
बराच वेळ तसेच ठेवले,
मग म्हणाली, झाकण कुठं ठेवलंय,
वाफ जायलीय सगळी,
लाईटचं बिल कोण भरणार.